आवरून नेलेला माणूस

४ फेब्रुवारी

ती. वन्संस,

शि. सा. न. वि. वि. इकडे आम्ही आहोत तसे आहोत. तुमच्या कानाचं काय झालं ते आधी कळवा. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून ताईनं जगाचे फोन जोडून दिले आणि आता तिला स्वतःचाच ऐकू येत नाही, असं म्हणून हे हसतात. हसले हे मुद्दाम लिहिते, कारण ते हल्ली क्वचित होतं. मला मात्र पत्रच सोयीचं. तुमच्याशी फोनवर ओरडून बोलायचं तर ह्यांच्याबद्दल काही बोलायलाच नको. भिंतींना कान असतील नसतील, शेजारच्या खोलीत बसलेल्या तुमच्या भावाला आहेत.

परवा ह्यांची मनोविकारांच्या दवाखान्यातली तारीख होती. आधीचे दोन दिवस मी ह्यांना नेहमीसारखं आवरलं. पाहुणे यायचे म्हणून घर आवरावं, तसंच. बाटली वरच्या कपाटात, कपाटाची किल्ली माझ्या कमरेला, चष्म्याच्या दुकानातून रजा, दाढी, इस्त्रीचा शर्ट. तुम्हीच घालून दिलेली पद्धत. डॉक्टर भले आहेत, मान वर करून बोलतात. झोप, भूक, वाईट विचार, सगळं विचारलं. पिता का, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. पण ह्यांचे हात असे थरथरत होते की पेन धरवेना. डॉक्टरांनी ते पाहिलं, बेचैनी अजून उतरली नाही म्हणाले आणि गोळी वाढवली. मागच्या खेपेला हेच झालं होतं, त्याच्या आधीही हेच.

घरी आल्यावर संध्याकाळी किल्ली मागितली. दिली. न देऊन कुठे जाऊ? दोन प्याले पोटात गेले आणि हात शांत झाले. मग रात्रीची वाढवलेली गोळी. सकाळी दुकानात भिंग घासायच्या यंत्रासमोर बसल्या बसल्या झोपले. कुणा म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं भिंग वाया गेलं. मालक चांगले म्हणून निभावलं, पण चांगुलपणालाही शेवट असतो.

वन्सं, मला भीती वाटते. गोळ्या वाढत चालल्यात आणि बाटली आहे तिथेच आहे. डॉक्टरांना एकदाचं सांगून टाकू का? तुम्ही हो म्हटलंत तर धीर येईल. दिवसभर ड्रायक्लिनिंगच्या काउंटरवर उभी राहून लोकांचे डाग बघते आणि घरी येऊन आपला लपवते, ह्याचाही शीण आलाय.

माया आहे तशीच ठेवा.
आपली, चिमणी


१३ फेब्रुवारी

चि. सौ. चिमणीस,

अनेक आशीर्वाद. कान जागेवर आहेत, कामावर नाहीत, एवढंच. छोटूला सांग, की माझ्या कानांची चेष्टा करायला त्याला तोंड आहे तोवर मला काळजी नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. आधीच्या दवाखान्यात आपण खरं बोललो होतो, आठवतं ना? आधी दारू सोडा, मग या, असं सांगून त्यांनी त्याला दाराबाहेर काढला. पुढचा महिना तू विसरली असशील तर मी विसरलेले नाही. पुलाच्या कठड्याशी उभा होता तो. तिथून हाताला धरून घरी आणणारा तो बसचा ड्रायव्हर देवासारखा भेटला, त्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं. हा दवाखाना आहे, हे डॉक्टर आहेत, म्हणून माझा भाऊ आहे. तिथून त्याला काढलं तर मी कुणाच्या तोंडाकडे पाहू?

दोन दिवस कमी पडत असतील. हात थरथरतात म्हणजे अंगातून पुरती उतरलेली नसते. ह्या वेळी तीन दिवस आवर. आणि तू स्वतः नीट जेव. चार दाणे टिपायचे आणि अख्खं घर खांद्यावर घ्यायचं, म्हणून तर तुला चिमणी म्हणतो आम्ही.

तुझ्या बाजूची आहे, बोलते कडू तरीही.
ताई


६ मार्च

ती. वन्संस,

शि. सा. न. वि. वि. तुम्ही सांगितलंत तसं तीन दिवस केलं. पुन्हा करणार नाही.

पहिला दिवस नेहमीसारखा गेला. दुसऱ्या दिवशी घामानं गादी भिजली, पाणी पोटात ठरेना. तिसऱ्या दिवशी दुपारी मला म्हणाले, स्वयंपाकघरात कोण बोलतंय ते बघ. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मी जाऊन आले आणि शेजारीण होती असं खोटंच सांगितलं. त्यांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

दवाखान्यात नेलं तेव्हा शर्टाची बटणं मीच लावली होती. डॉक्टर घाबरले, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आजार उलटतोय म्हणाले. आवाज ऐकू येतात हे तर मी सांगितलंच होतं, पिण्याचं तेवढं गिळलं. त्यांनी एक नवीन, जोराची गोळी दिली आणि पुढच्या खेपेला असंच असेल तर भरती करून घेऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी ह्यांनी तीन दिवसांची कसर भरून काढली. मग शहाण्यासारखी नवी गोळीही घेतली, कारण औषधाच्या बाबतीत तुमचा भाऊ फार शिस्तीचा. सकाळी मी हाक मारली, हलवलं, तोंडावर पाणी मारलं. जागे होईनात. श्वास चालू होता पण मध्येच थांबायचा, आणि तो परत येईपर्यंत माझा थांबायचा. रिक्षा बोलवायची तर दवाखान्यात काय सांगायचं, हा विचार मी त्या वेळी केला, वन्सं. माणूस समोर असा पडलेला, आणि मी खोटं जुळवत होते. दुपारी डोळे उघडले आणि म्हणाले की दुकानाला उशीर झाला.

मी पुढच्या खेपेला सांगणार. तुमची परवानगी मागत नाही, कळवते आहे. उद्धटपणा वाटला तर पोटात घाला.

तुमचीच, चिमणी


१४ मार्च

चि. सौ. चिमणीस,

आशीर्वाद. पत्र वाचून जेवण गेलं नाही. ती नवी गोळी देऊ नकोस. पण तोंडही उघडू नकोस, माझी शपथ आहे. भरती करून घेतो म्हणणारे डॉक्टर उद्या हाकलूनही देतील, आणि मग आपल्या हातात ना औषध ना माणूस. महिनाअखेरीस मी येते. दोघी मिळून ठरवू. तोवर दम धर, एवढं माझं ऐक.

ताई


२९ मार्च

ती. वन्संस,

शि. सा. न. वि. वि. तुम्ही निघायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिते. तुमची शपथ मोडली. मी नाही, ह्यांनी.

मंगळवारी सकाळी मी काउंटरवर असताना दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर पुढच्या आठवड्यात गावाला जाणार, म्हणून आजच दुपारी या. आवरायला एक दिवस सोडाच, एक तासही नव्हता. तशीच दुकानात गेले. हे मागच्या खोलीत फ्रेमचे बारीक स्क्रू बसवत होते, अगदी सफाईनं. जवळ गेले तर वास आला. दुपारचं उरकलं होतं. तोंडात पेपरमिंट कोंबलं, शर्टाची कॉलर सरळ केली आणि नेलं. वाटेत म्हटलं, तुम्ही जरा लांबच बसा, मीच बोलते.

डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले. वन्सं, एक बोट हललं नाही. डॉक्टर इतके खूश झाले की मला त्यांचीच दया आली. नवीन गोळी छान लागू पडली म्हणाले. ती गोळी तर मी तुमचं पत्र आल्यापासून दिलीच नव्हती. भरतीची गरज नाही, हेच औषध चालू ठेवू, महिन्यानं या.

बाहेर आलो. हे बाकावर बसले आणि हसायला लागले. लोक वळून बघत होते. म्हणाले, चिमणे, शुद्धीत आलो की मी वेडा ठरतो आणि पिऊन आलो की बरा. इतकं चांगलं तर मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मग हसता हसता रडले. मी घरी चला म्हणून हात धरला, तर हात सोडवून उठले आणि परत जाऊन स्वतः दार वाजवलं. आतला माणूस बाहेर यायचा होता, त्याचीही वाट पाहिली नाही. डॉक्टरांना म्हणाले, हे हात पुन्हा बघा, हे तुमच्या गोळीनं नाही, बाटलीनं स्थिर आहेत. मला दर खेपेला कोरडा करून आणतात म्हणून ते थरथरतात.

मी दारातच उभी होते. मला वाटलं आता कागद हातात देतील आणि दार दाखवतील. डॉक्टरांनी आतून एका सिस्टरना बोलावलं आणि खुर्ची पुढे ओढली. सिस्टर तुमच्याच वयाच्या, चपला काढून बसणाऱ्या. त्यांनी रोज किती, कधीपासून, उपाशीपोटी की जेवून, कशासोबत, असं विचारलं, भाजी काय भावानं घेतली विचारावं तितक्या साधेपणानं. ह्यांनी सगळं सांगितलं. मला माहीत होतं त्याहून जास्त निघालं. डॉक्टर म्हणाले की चूक आमची, हे पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. बाहेर काढणं दूरच, आता जास्त वेळा यायला सांगितलंय.

आणि आणखी एक सांगितलं. रोज पिणाऱ्याची अशी एकदम बंद करणं सर्वांत धोक्याचं. झटके येतात, माणूस जातो. ते स्वयंपाकघरातले आवाज त्याचेच होते. मी ज्याला आवरणं म्हणत होते, त्यात ते हातचे गेले असते. हळूहळू कमी करायची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एवढंच आता ठरलंय.

रागावा, पण या.
चिमणी


८ एप्रिल

चि. सौ. चिमणीस,

आशीर्वाद. पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि तिकीट रद्द केलं. रागानं नाही. येऊन मी काय केलं असतं? तुम्हा दोघांना माझ्या शहाणपणापासून थोडे दिवस सुटी मिळावी म्हणून थांबले. तीन दिवस आवर हे मी लिहिलं होतं. त्याचं मी बघेन. तू ते स्वतःच्या डोक्यावर घेऊ नकोस, तुझ्या डोक्यावर आधीच जागा नाही.

पण एक मला पटत नाही ते लिहितेच. कमी करायची म्हणजे काय? दारू ही काय मीठ आहे, चवीपुरतं घालायला? सोडायची तर सोडायची. डॉक्टरच असं म्हणायला लागले तर छोटूला आयतंच निमित्त. त्या सिस्टरना विचार, शेवट कुठे आहे. आणि त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझ्यावर भरवसा आहे, त्यांच्यावर बसायला वेळ लागेल.
ताई


१७ मे

ती. वन्संस,

शि. सा. न. वि. वि. सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, शेवट कुठे ते आज ठरवायचं नाही, आज कालच्यापेक्षा कमी एवढंच ठरवायचं. आणि तुमचा नमस्कार त्यांनी घेतला.

खरं लिहू का? मला वाटलं होतं, सांगितलं की सुटलो. सुटलो नाही. पूर्वी दोन दिवस जीव मुठीत धरायचे, आता रोज थोडा थोडा धरते. आधी जेवण, मग प्याला, आणि प्याला लहान. बाटली कपाटात नाही, टेबलावर असते, कारण लपवायची नाही असं ठरलंय. किल्ली मी काढून ठेवली, तरी कमरेला हात जातो आणि काही सापडत नाही. दुकान सुटल्यावर हे मागच्या गल्लीनं येतात, कारण पुढच्या गल्लीत ते कोपऱ्यावरचं दुकान. मागची गल्ली लांबची पडते, उशीर होतो, आणि उशीर झाला की माझा जीव खालीवर. मग आले की वास घ्यायचा नाही असं मी ठरवते आणि घेते. एकदा त्यांनी स्वतःच तोंड पुढे केलं, म्हणाले, घे, कस्टमवाली. मला हसू आलं नाही.

गोळ्या मात्र कमी झाल्यात. पूर्वीची वाढवलेली उतरवली. दुकानात झोपत नाहीत. इतकी कमी झाल्यावर आता चालेल असं सिस्टर म्हणाल्या, म्हणून गेल्या आठवड्यात दोन दिवस अजिबात घेतली नाही, आणि हात थोडेसेच हलले. तिसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त झाली. असं आहे. पुढे एक, मागे पाऊण. मी दमले आहे, वन्सं, आणि दमले हे तुमच्याशिवाय कुणाला लिहू?

आठवण ठेवा.
चिमणी


२२ जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. हे पत्र माझं आहे, चिमणीचं नाही, तेव्हा चष्मा पुसून घे. ती तुला सगळं लिहिते हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. पाकीट चिकटवायला डिंक ती माझ्याकडेच मागते.

तुला कितीतरी दिवसांत लिहिलं नाही. दर आठवड्याला वाटायचं, ह्या आठवड्यात काही बरं सांगण्यासारखं होईल, मग लिहू. दोनदा झालंही. पण पत्र लिहायला बसेपर्यंत बिघडायचं. ह्याच हिशेबानं मी तुझ्याकडे येणंही सोडलं होतं. तुझ्या घरी यायचं म्हणजे चिमणी आधी दोन दिवस मला आवरायची, तुला कदाचित माहीत नसेल. तू पाहिलेला भाऊ हा इस्त्री करून आणलेला होता. तू म्हणायचीस, किती गप्प झालास. गप्प नव्हतो, दात वाजू नयेत म्हणून आवळून धरले होते.

मागचा आठवडा वाईट गेला. कारण विचारशील तर नाही. कुणी काही बोललं नाही, काही घडलं नाही. उदासी दारात येऊन उभी राहते, तिला कारण लागत नाही. चार दिवस पुढच्या गल्लीनं आलो. मोजून घ्यायचा प्याला धुऊन पालथा ठेवला आणि चहाच्या कपानं घेतली. शुक्रवारी सिस्टरकडे जायचं होतं. सकाळी चिमणीनं सवयीनं इस्त्री तापायला ठेवली. मग माझ्याकडे बघितलं आणि बटण बंद केलं. मी न जायचं ठरवलं होतं, पण त्या बंद केलेल्या इस्त्रीमुळे गेलो, दाढी न करता, आदल्या दिवशीच्याच शर्टात.

सिस्टरनं नेहमीचं विचारलं, ह्या आठवड्यात किती. मी सांगितलं. ऐकून त्यांचा चेहरा पडेल म्हणून मी टेबलाकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, आलात हे बरं केलंत, आणि वाईट विचार आले का ते विचारलं. आले होते. तेही सांगितलं. दुपारी डॉक्टरांनी पुन्हा बोलावून घेतलं, औषध बघितलं, आता तीन दिवसांनी परत जायचंय.

ताई, मी बरा झालेलो नाही. होईन की नाही तेही मला सांगता येत नाही. पूर्वीच्या निम्म्यावर आलो होतो, त्याहून वर गेलो, आता पुन्हा उतरतोय. पण एका ठिकाणी मला रोखठोक विचारतात, किती, आणि मी रोखठोक सांगतो, आणि तरी मला पुढची तारीख मिळते. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही. चिमणी वास घ्यायची, मालक घड्याळ बघायचे, तू शपथा घालायचीस. विचारलं कुणीच नाही. तक्रार म्हणून लिहीत नाही, विचारलं असतं तर मी खोटंच बोललो असतो.

चिमणी फार थकली आहे. तिला चार दिवस तुझ्याकडे बोलावून घे. मी एकटा राहीन. भीती वाटत असेल तर सिस्टरना विचार, त्यांनाही तसंच वाटतं की तिला विसावा हवा.

तुझा लोभ मी जपून वापरतो, संपवत नाही.
छोटू


३० जून

चि. छोटूस,

अनेक आशीर्वाद. चिमणीचं तिकीट सोबत पाठवलं आहे. तिला सांग, इथे येऊन तिनं कशालाही हात लावायचा नाही. मला ऐकू येत नाही, तेव्हा तिला हवं तेवढं मोठ्यानं रडता येईल. तू एकटा असशील तितके दिवस संध्याकाळी त्या सिस्टरच्या दवाखान्यात नुसता डोकावून ये. मी त्यांना तसं पत्र टाकलं आहे. आगाऊपणा माझ्या अंगातच आहे, तो आता ह्या वयात कमी करता येणार नाही.

तुझं पत्र वाचून मला तुझा राग आला, मग माझा आला, मग कुणाचाच आला नाही, नुसतं बसून राहिले. आवळलेले दात मला दिसले नाहीत. मी तर शेजारणीला सांगायचे, माझा भाऊ आता किती सुधारलाय.

विचारलं कुणीच नाही, असं तू लिहिलंस. मग मी विचारते. ह्या आठवड्यात किती झाली?

रागावणार नाही असं खोटं वचन देत नाही. रागावेन, दोन दिवस तोंड फिरवून बसेन, शेजारणीला घालूनपाडून बोलेन. पण येऊ नकोस असं कधी म्हणणार नाही, ना तुला, ना तुझ्या पत्राला. दर आठवड्याला विचारीन आणि दर आठवड्याला उत्तर हवं. आकडा वाईट असला तरी पत्र टाक. तो बरा होईपर्यंत थांबू नकोस.

तुझी,
ताई